पुढचं सगळं ठाऊक असतं, तरी राक्षसपट अर्धवट सोडवत नाही

(स्पॉयलर आहेत. 'लव्ह अँड मॉन्स्टर्स' बघायचा राहिला असेल तर इथेच थांबा. प्रतिसादांत आणखी सिनेमे येतील, त्यांचेही शेवट फुटतील.)

जग बुडालंय. उरलीसुरली माणसं तळघरात दडून बसली आहेत. वर अजस्र किडे, बेडूक, गोगलगायी हिंडतायत. एका भित्र्या तरुणाची प्रेयसी ८५ मैलांवरच्या दुसऱ्या तळघरात आहे आणि एक दिवस तो तिच्याकडे पायी निघतो.

एवढं सांगितलं की पुढची गोष्ट कोणीही सांगेल. वाटेत कुत्रा भेटणार. एक अनुभवी म्हातारा भेटणार, चार युक्त्या शिकवणार आणि आपल्या वाटेने निघून जाणार. भित्रा पोरगा हळूहळू धीट होणार. प्रेयसीकडे पोचल्यावर कळणार की खरा धोका राक्षसांचा नव्हे, माणसांचा आहे. आणि म्हाताऱ्याने शिकवलेली युक्ती नेमकी शेवटच्या मारामारीत कामी येणार. २०२० सालच्या 'लव्ह अँड मॉन्स्टर्स'मध्ये हे सगळं होतं, आणि साधारण याच क्रमाने होतं. मला हा सिनेमा मनापासून आवडतो.

असं म्हटलं की पुढे 'टाइमपास म्हणून', 'डोकं बाजूला ठेवून' वगैरे जोडायची पद्धत आहे. मला ते जोडायचं नाही. या सिनेमात बघण्यासारखं काय आहे ते नीट लिहावं आणि तुम्हा सगळ्यांचं ऐकावं, म्हणून हा धागा.

आधी जगबुडीचं कारण. लघुग्रह पृथ्वीवर आदळणार असतो, म्हणून माणसं रॉकेटं सोडून तो फोडतात. संकट टळतं. पण रॉकेटांमधली रसायनं खाली पडतात आणि थंड रक्ताचे सगळे प्राणी अवाढव्य होतात. माणसांपैकी ९५ टक्के संपतात. हा सगळा इतिहास सुरुवातीच्या काही मिनिटांत, नायक जोएलच्या चित्रांमधून सांगून टाकलाय. प्रयोगशाळा नाही, भाषणं नाहीत, शास्त्रज्ञांची धावपळ नाही. दिग्दर्शक मायकेल मॅथ्यूज यांना ठाऊक आहे की प्रेक्षकाने हे शंभरदा बघितलंय, त्यामुळे ते तिथे रेंगाळत नाहीत. वाचवलेला वेळ त्यांनी प्रवासाला दिलाय.

प्रवासात काय बघायचं? प्राणी. जोएल प्रत्येक राक्षसाचं चित्र वहीत काढतो आणि शेजारी टिपणं लिहितो: कुठे राहतो, कशाला भितो, कुठे मऊ आहे. ती वही हा माझ्या मते सिनेमाचा कणा आहे. सिनेमा पुढे सरकतो तशी आपल्या डोक्यातही तशीच एक वही तयार होत जाते. राक्षस दिसला की 'आता काय होणार' याच्याऐवजी 'हा कुठल्या जातीचा, याची खोड काय' असा विचार आपण करायला लागतो.

आणि मग गोगलगाय. घराएवढी नसेल, पण माणूस तिच्यापुढे खुजा दिसतो. जोएलची बोबडी वळते. क्लाइड, म्हणजे तो म्हातारा, शांतपणे सांगतो की ही काही करत नाही. सगळेच राक्षस वाईट नसतात, डोळ्यांत बघ म्हणजे कळतं. गोगलगाय लांब देठांवरचे डोळे हलवत आपल्या वाटेने निघून जाते. तुम्ही चार सिनेमे बघितले असतील तर त्याच क्षणी ओळखता की हे वाक्य शेवटी परत येणार.

येतंच. समुद्रकिनाऱ्यावर एक प्रचंड खेकडा, साखळीने जखडलेला, विजेचे झटके देऊन हल्ला करायला लावलेला. जोएलला त्याला मारायची संधी मिळते. तो खेकड्याच्या डोळ्यांकडे बघतो आणि नेम साखळीवर वळवतो. त्या क्षणी मला बरं वाटलं ते माझा अंदाज खरा ठरला म्हणून नव्हे. सिनेमाने मध्येच एक शब्द दिला होता आणि तो पाळला, म्हणून.

माझं म्हणणं एवढंच: शेवट ओळखता येणं हा या सिनेमांचा दोष नाही. स्वतः घालून दिलेला नियम शेवटी मोडणं, हा दोष. बोला.

———

प्रतिसाद १

असहमत. आवडतो म्हणा, हरकत नाही, पण आळसाला गुण म्हणू नका.

कुत्रा मरणार नाही हे मला पहिल्या भुंकण्यातच कळतं. मग कुत्र्यावर संकट आणायचा उपयोग काय? लेखकाने मला घाबरवायला हत्यार उपसलं आणि ते बोथट आहे हे मला आधीच माहीत. तसंच 'माणूसच खरा राक्षस'. १९७८च्या 'डॉन ऑफ द डेड'मध्ये मॉलवर मोटरसायकलवाल्यांची टोळी चालून येते तेव्हा त्यात धार होती. २००२च्या '२८ डेज लेटर'मध्ये आसरा देणारे सैनिकच उलटतात तेव्हाही अंगावर येतं, कारण त्यांच्यापर्यंत पोचण्यासाठी आपण जिवाचं रान केलेलं असतं. पण आता यॉटवरून हसतमुख कप्तान उतरला आणि सगळ्यांना दारू पाजू लागला की पाच सेकंदांत कळतं. 'लव्ह अँड मॉन्स्टर्स'मध्ये अगदी हेच आहे. प्रेक्षक कप्तानाच्या पुढे पोचलेला असतो आणि बिचारी पात्रं मागे राहतात. मूर्ख पात्रांबरोबर दीड-दोन तास काढणं मला जड जातं.

खेकड्याचा प्रसंग चांगला आहे, मान्य. त्या एका प्रसंगासाठी बाकीचं माफ करायचं का, एवढाच प्रश्न.

———

प्रतिसाद २

जोएल आणि त्या बॅटरी संपत आलेल्या रोबोचा प्रसंग कोणी लिहिलाच नाही! राक्षस नाही, मारामारी नाही, नुसत्या गप्पा. सगळ्या सिनेमात मला तोच सर्वांत आवडला. कथेसाठी तो काढून टाकला तरी काही अडत नाही, आणि म्हणूनच तो ठेवला याचं कौतुक वाटतं.

———

प्रतिसाद ३ (धागाकर्ती)

रोबोबद्दल अगदी अगदी. साचा पक्का असला की असे प्रसंग घालायला जागा मिळते, असं मला वाटतं. रस्ता सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे दिग्दर्शक मध्ये थांबला तरी कोणी हरवत नाही.

प्रतिसाद १, कप्तानाबद्दल तुमचं बरोबर आहे. सिनेमातला सर्वांत कच्चा भाग तोच. पण तो कच्चा का आहे ते बघा. राक्षसांना ओळखायचा नियम सिनेमाने दिलाय, वहीत नोंदी आहेत. कप्तानाला मात्र ना नोंद, ना खोड. त्याला फक्त कथेची गरज म्हणून वाईट केलंय. म्हणजे अडचण साच्याची नाही, त्या पात्रावर मेहनत न घेतल्याची आहे.

साच्याचं म्हणाल तर ही तक्रार फार जुनी आहे. अमेरिकी लेखिका-समीक्षक सुझन सोन्टॅग यांनी १९६५ साली 'द इमॅजिनेशन ऑफ डिझास्टर' या निबंधात अशा सिनेमांचा आराखडा पायरीपायरीने मांडला होता. त्या वस्तूचं किंवा प्राण्याचं आगमन, मग साक्षीदारांना पटणं, मग शास्त्रज्ञ आणि लष्कर यांच्या बैठका, आणखी विध्वंस, पुन्हा बैठका, आणि शेवटी एकदाचं ते निर्णायक शस्त्र. साठ वर्षं उलटली तरी हा आराखडा जवळजवळ तसाच वापरात आहे. बैठका तेवढ्या कमी झाल्या. इतकी वर्षं लोक आळसापोटी तेच बघत असतील, हे मला पटत नाही.

आणखी एक. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या लेविट आणि क्रिस्टनफेल्ड या संशोधकांनी २०११ साली लघुकथांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही वाचकांना शेवट आधीच सांगून टाकला, काहींना नाही. शेवट ठाऊक असलेल्यांना कथा सरासरीने जास्त आवडल्या. नंतरच्या काही अभ्यासांत उलट निष्कर्षही निघाले, त्यामुळे यावर इमारत उभारायला नको. पण शेवट कळला की मजा संपते हे गृहीत धरण्याइतकं सरळ प्रकरण नाही, एवढं नक्की.

———

प्रतिसाद ४

आवाजाचं काम करणारा माणूस म्हणून लिहितो. राक्षसपटात प्रेक्षक पुढचं ओळखतो, हे आमचं भांडवल आहे.

'अ क्वाएट प्लेस' (२०१८) घ्या. आवाज ऐकून झडप घालणारे राक्षस, आणि न बोलता, अनवाणी जगणारं एक कुटुंब. आई कपड्यांची पिशवी तळघराच्या जिन्यावरून ओढत वर नेते. पिशवी एका खिळ्यात अडकते. ती हिसका देते, पिशवी सुटते आणि खिळा टोक वर करून उभा राहतो. तिला दिसत नाही, आपल्याला दिसतो. घरात सगळे अनवाणी, आई गरोदर, आणि ओरडलं की मरण. इथून पुढे काय होणार हे न कळणारा प्रेक्षक जगात नसेल. आणि म्हणूनच त्या जिन्यावर कोणीही आलं की सगळं थिएटर पाय आखडून बसतं. खिळा अचानक टोचला असता तर एक दचका मिळाला असता. आधी दाखवल्यामुळे अर्धा सिनेमा त्या एका पायरीवर तोलून धरता आला.

मुलीचं काम मिलिसेंट सिमंड्स या कर्णबधिर अभिनेत्रीने केलंय. कॅमेरा तिच्या बाजूने बघू लागला की आवाज पूर्ण काढून घेतात. मागे राक्षस आलाय, आपल्याला कळतंय, तिला नाही. यात अनपेक्षित काहीच नाही, तरी हात घट्ट मिटतात. पुढे तिच्या कॉक्लिअर इम्प्लांटचीच, म्हणजे ऐकू यावं म्हणून कानाशी बसवलेल्या यंत्राचीच, कर्कश शिट्टी राक्षसांवरचं शस्त्र ठरते. ते तर पोस्टर बघून ओळखता येईल असं आहे, पण ज्या गोष्टीमुळे पोर स्वतःला कमी समजत होती तिनेच घर वाचवावं, हे होताना बघण्यात समाधान आहे.

आता थोडं मागे जातो. १९५४चा 'गोजिरा', म्हणजे मूळ गोडझिला. त्याची डरकाळी कुठल्याच प्राण्याची नाही. संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी डबल बासच्या तारा सैल केल्या आणि राळ लावलेला चामड्याचा हातमोजा त्यांवरून घासला. मग ते ध्वनिमुद्रण संथ गतीने वाजवलं. सिनेमा सुरू होतो तेव्हा पडद्यावर फक्त नावं असतात आणि ती डरकाळी. राक्षस दिसायला अजून कितीतरी वेळ आहे, पण तो येणार हे तुम्हाला कानांनी सांगून टाकलंय.

त्या राक्षसाच्या आत हारुओ नाकाजिमा नावाचा नट होता. पहिला पोशाख इतका जड आणि ताठर झाला की त्यात धड चालता येईना, दुसरा करावा लागला. आणि चित्रीकरण जास्त वेगाने करून पडद्यावर नेहमीच्या वेगाने दाखवत, म्हणजे हालचाल संथ होते आणि डोळ्याला वजन जाणवतं. छोट्या इमारती तुडवणारा माणूस डोंगराएवढा वाटतो तो या वेगामुळे.

———

प्रतिसाद ५

'क्वाएट प्लेस'बद्दल माझी जुनी तक्रार. बाप मुलाला धबधब्याजवळ नेतो आणि तिथे दोघं मोठ्याने बोलतात, कारण पाण्याच्या आवाजात राक्षसांना ऐकू येत नाही. मग तिथेच का राहत नाहीत?? आणि तो खिळा कोणी ठोकून का टाकत नाही?

———

प्रतिसाद ६

मी जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे राक्षसांच्या आकारावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. वर्गात या सिनेमांचा मला फार उपयोग होतो.

५ मिलिमीटर लांबीची मुंगी ५ मीटरची झाली असं धरा. लांबी १,००० पट. पायाच्या छेदाचं क्षेत्रफळ १० लाख पट. पण वजन आकारमानाप्रमाणे वाढतं, म्हणजे १०० कोटी पट. म्हणजे पायाच्या तेवढ्याच जाडीवर येणारा भार १,००० पट वाढला. ती मुंगी चालून तुम्हाला खाणार नाही, जागच्या जागी मोडून पडेल. गॅलिलिओने १६३८ साली हाडांचं चित्र काढून हेच दाखवलं होतं: प्राणी मोठा करायचा तर हाड नुसतं लांब करून चालत नाही, बेढब जाड करावं लागतं. जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ साली प्राण्यांच्या योग्य आकारावर लिहिलेल्या निबंधात हा मुद्दा सगळ्यांना समजेल असा मांडला.

दुसरी अडचण श्वासाची. कीटकांना फुप्फुसं नसतात. अंगावरच्या छिद्रांमधून हवा बारीक नळ्यांनी थेट पेशींपर्यंत जाते. लहान शरीरात हे छान चालतं, मोठ्यात आतल्या भागांना ऑक्सिजन पोचत नाही. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी मेगान्यूरा नावाचा चतुराचा नातेवाईक होता, पंखांचा विस्तार ६५ सेंटिमीटरच्या आसपास. त्या काळी हवेत ऑक्सिजन आजच्यापेक्षा बराच जास्त होता, आणि कीटक इतके मोठे होण्यामागे ते एक कारण असावं असं मानतात.

तिसरी अडचण कात टाकण्याची. कवचधारी प्राणी वाढताना जुनं कवच टाकतो आणि नवं टणक होईपर्यंत मऊ असतो. इमारतीएवढा खेकडा किनाऱ्यावर कवच टाकेल तर स्वतःच्याच वजनाने चपटा होईल. पाण्यात त्याला आधार मिळतो. म्हणूनच जपानी स्पायडर क्रॅब समुद्रात पायांच्या टोकापासून टोकापर्यंत ३.७ मीटरपर्यंत वाढतो, आणि जमिनीवरचा सर्वांत मोठा संधिपाद (कीटक, कोळी, खेकडे यांचा गट), नारळ-खेकडा, साधारण ४ किलोच्या आसपास थांबतो. म्हणजे शेवटचा राक्षस खेकडा निवडणं आणि तो समुद्रातून बाहेर काढणं ही त्यातल्या त्यात समजूतदार निवड.

इतकं सगळं ठाऊक असूनही मी हे सिनेमे बघते, आणि मला त्यात काही खुपत नाही. राक्षस मोठे झाले, ही एक थाप सुरुवातीलाच मारलेली असते आणि मी ती स्वीकारलेली असते. माझी अट पुढची आहे: बेडूक बेडकासारखा वागला पाहिजे. 'लव्ह अँड मॉन्स्टर्स'मध्ये तो पाण्यात दबा धरून बसतो आणि जीभ फेकतो. गोगलगाय संथ आहे. जमिनीखालचे प्राणी कंपनं ओळखतात. आकार खोटा, सवयी खऱ्या. याला मी सहा वर्षांच्या मुलाइतक्या आनंदाने टाळ्या वाजवते. (प्रतिसाद ४ मधल्या संथ हालचालीलाही शास्त्रीय आधार आहे. लांब पाय हलायला वेळ जास्त लागतो. हत्तीची चाल आठवा.)

———

प्रतिसाद ७

प्रतिसाद ५, धबधब्याजवळ कायम राहिलं तर यांनाही काही ऐकू येणार नाही. राक्षस मागे येऊन उभा राहिला तरी कळणार नाही. मला तो नियमभंग वाटत नाही. खिळ्याबद्दल मात्र तुमच्या बाजूने.

———

प्रतिसाद ८

धागाकर्तीच्या 'नियम मोडणं हा दोष' या वाक्यासाठी एक पक्कं उदाहरण आहे. 'आय अ‍ॅम लेजंड' (२००७).

विल स्मिथ ओसाड न्यूयॉर्कमध्ये एकटा. बाकीची माणसं आजाराने अंधारात राहणारे, उजेडाला भिणारे जीव झालेत. उपचार शोधायला तो त्यांच्यातली एक मादी फास लावून पकडतो. तेव्हा एक नर उन्हात डोकावतो, कातडी भाजत असताना तिथून ओरडतो. नायक टिपण करतो की यांच्यातलं माणूसपण पार संपलंय, हा प्राणी जिवाची पर्वा न करता उन्हात आला. आपल्याला मात्र दुसरीच शंका येते. ती त्याची कोणी असेल तर?

मूळ चित्रित केलेल्या शेवटात हीच शंका खरी ठरते. नर प्रयोगशाळेपर्यंत येतो, काचेवर फुलपाखराचा आकार काढतो, आणि नायकाला कळतं की त्या मादीच्या अंगावर तसंच गोंदण आहे. तो तिला परत करतो. ते जीव तिला घेऊन निघून जातात, आणि भिंतीवर लावलेले आपल्या प्रयोगांचे फोटो बघून त्याला उमगतं की त्यांच्या गोष्टीतला राक्षस आपण आहोत. चाचणी-खेळांत प्रेक्षकांना हा शेवट रुचला नाही. थिएटरात आला तो दुसरा: उपचार एका बाईच्या हाती सोपवून नायक हातबाँबसह स्वतःला उडवतो.

आता गंमत बघा. 'धक्का' म्हणाल तर थिएटरातला शेवट जास्त धक्कादायक, विल स्मिथ मरतो. ओळखता येण्याजोगा होता तो काढून टाकलेला शेवट. पण पेरलं होतं ते उगवलं असतं. आत्ता तो उन्हातला नर सिनेमाभर लोंबकळत राहतो. त्याचं काय करायचं ते कोणालाच ठाऊक नाही. रिकाम्या शहरातला पहिला तासभर अप्रतिम आहे. विल स्मिथ व्हिडिओच्या दुकानातल्या पुतळ्यांशी बोलतो ते मी कितीही वेळा बघू शकतो. पण शेवट आला की दरवेळी चिडचिड होते.

———

प्रतिसाद ९ (पहिल्या प्रतिसादाचे लेखक)

हे उदाहरण चपखल आहे. माझं मत थोडं सरकलं, पण पूर्ण नाही. मला साचा मोडणारेच जवळचे वाटतात.

बाँग जून-हो यांचा 'द होस्ट' (२००६). राक्षस शेवटपर्यंत लपवून ठेवायचा हा शिरस्ता. इथे तो सुरुवातीलाच, भर दुपारी, नदीकाठच्या गर्दीत, धावताना घसरतो, आपटतो, पुन्हा पळतो. सगळं स्वच्छ दिसतं. आणि ज्या मुलीला सोडवायला अख्खं कुटुंब धावतं, ती वाचत नाही. सोलमधल्या अमेरिकी लष्करी तळावरून २००० साली गटारात फॉर्मल्डिहाइड हे विषारी रसायन ओतलं होतं, त्या खऱ्या घटनेवरून सिनेमाची सुरुवात घेतलीय. तो राग पडद्यावर जाणवतो.

आणि 'द मिस्ट' (२००७). धुक्यातून सुटायची आशा संपली म्हणून बाप गाडीतल्या सगळ्यांना, स्वतःच्या पोरालाही, गोळी घालतो. आणि काही क्षणांत धुकं विरून लष्कर येतं. हे कोणी ओळखून दाखवावं.

———

प्रतिसाद १० (धागाकर्ती)

'द मिस्ट' मोठा सिनेमा आहे आणि मी तो पुन्हा बघणार नाही. 'लव्ह अँड मॉन्स्टर्स' पुन्हा बघते. दोन्ही वाक्यं मी कौतुक म्हणूनच लिहितेय. काही गोष्टी एकदा हलवून जाण्यासाठी असतात, काही परत परत जाण्यासाठी. दुसऱ्या प्रकाराला खालच्या पायरीवर बसवायची आपल्याला सवय लागली आहे, माझं भांडण तिच्याशी आहे.

'द होस्ट'चा राग तुम्ही काढलात ते बरं झालं. 'गोजिरा'तही तोच आहे. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बाँबची चाचणी केली, तिची राख 'दायगो फुकुर्यू मारू' या जपानी मासेमारी नौकेवर पडली. २३ खलाशी आजारी पडले, त्यांच्यातला एक सप्टेंबरमध्ये वारला. सिनेमा ३ नोव्हेंबरला लागला, आणि त्याची सुरुवात समुद्रातल्या एका बोटीवरच्या लख्ख झोताने होते. तेव्हाच्या प्रेक्षकाला पुढचं सांगायची गरज नव्हती. राक्षस कुठून आला आणि तो कोणाचं पाप आहे हे त्याला पहिल्या मिनिटात ठाऊक होतं. 'लव्ह अँड मॉन्स्टर्स'मधली रॉकेटंही त्याच वंशातली आहेत, फक्त मवाळ झालेली.

———

प्रतिसाद ११

मला हे सिनेमे का आवडतात याचं उत्तर फार साधं आहे: त्यात पुढे काय करायचं हे ठरलेलं असतं. पाणी शोधा, आवाज करू नका, उजेड असेपर्यंत पोचा. 'लव्ह अँड मॉन्स्टर्स' ऑक्टोबर २०२०मध्ये आला, थिएटरांऐवजी बहुतांशी घरच्या पडद्यावर. तेव्हा आम्ही सगळे जोएलसारखेच कोंडलेले होतो आणि आपलं माणूस ८५ मैलांवर असेल तर ते किती लांब असतं हे कळत होतं. बाहेर काय आहे हे दिसत नव्हतं. पडद्यावर निदान ते दिसत होतं, त्याला डोळे होते.

२०२१ साली स्क्रिव्हनर, क्लासेन आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. महासाथीच्या सुरुवातीला भयपटांच्या चाहत्यांमध्ये मानसिक त्रास तुलनेने कमी आढळला, आणि जगबुडी, झाँबी वगैरे बघणारे स्वतःला जास्त तयार समजत होते. यावरून सिनेमामुळे ते घडलं असं सिद्ध होत नाही, मुळात तशी माणसंच असे सिनेमे निवडत असतील. पण माझ्यापुरतं सांगायचं तर मला आधार वाटला होता.

———

प्रतिसाद १२

मुलगा दहा वर्षांचा आहे, प्राण्यांचं वेड आहे. यातलं काय दाखवावं?

———

प्रतिसाद १३ (धागाकर्ती)

'लव्ह अँड मॉन्स्टर्स' दाखवा, पण शेजारी बसा. जोएलच्या आईवडिलांची आठवण येते तो प्रसंग जड आहे, आणि काही राक्षस किळसवाणे आहेत. अमेरिकेत त्याला पीजी-१३ प्रमाणपत्र आहे, म्हणजे तेराच्या आतल्या मुलांबाबत पालकांनी जपून ठरवावं. 'क्वाएट प्लेस' इतक्यात नको, अगदी सुरुवातीलाच लहान मुलाचा मृत्यू आहे. १९५४चा 'गोजिरा' चालेल, कृष्णधवल बघायची तयारी असेल तर. इस्पितळातले प्रसंग मात्र आधी स्वतः बघून घ्या. सिनेमा झाल्यावर त्याला एक वही द्या आणि राक्षसांची चित्रं, सवयी लिहून काढायला सांगा. कवच टाकण्याबद्दल विचारलं तर प्रतिसाद ६ वाचून दाखवा.